गल्लीतला करार आणि खाडीतला राडारोडा

घाटकोपर पूर्वेला जोशी लेन नावाची एक गल्ली आहे. उपनगरांतील शेकडो गल्ल्यांसारखीच ही एक. परंतु मुंबईच्या नागरी कारभाराचा इतिहास कोणी कधी काळी लिहिलाच, तर त्यात तिला एक परिच्छेद तरी द्यावा लागेल. १९९७ च्या सुमारास या गल्लीतील रहिवाशांनी घरातील ओला आणि सुका कचरा वेगळा करावयास सुरुवात केली. ओल्या कचऱ्याचे जागच्या जागी खत होऊ लागले, सुका कचरा कचरावेचकांच्या हाती जाऊ लागला आणि महापालिकेच्या गाडीसाठी उरणारा ढीग दिवसेंदिवस लहान होत गेला. पालिकेच्या एन विभागाने या उद्योगाची दखल घेतली आणि त्यातून 'प्रगत परिसर व्यवस्थापन' या नावाची योजना साऱ्या मुंबईसाठी जन्मास आली. नाव कचेरीत तयार झालेले असल्याने ते कोणाच्या तोंडी बसले नाही. लोकांनी 'एएलएम' ही इंग्रजी आद्याक्षरेच पत्करली. पुढील दशकात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, चेंबूर येथे अशी शेकडो मंडळे नोंदली गेली. घनकचऱ्याविषयीचे केंद्र सरकारचे पहिले नियम २००० साली आले हे ध्यानात घेतले, म्हणजे घाटकोपरची ती गल्ली दिल्लीच्या तीन वर्षे पुढे होती असे म्हणावयास हरकत नाही.

या यशाचा जो अर्थ आजवर लावला गेला तो मात्र बव्हंशी चुकीचा आहे. सभा-समारंभांतून असे सांगितले जाते की, सुशिक्षित नागरिकांच्या ठिकाणी जागृती झाली, त्यांनी झाडू हाती घेतला आणि गल्ली स्वच्छ झाली. गाडगेबाबांचे नाव अशा प्रसंगी हटकून घेतले जाते. वस्तुतः जोशी लेनची कहाणी ही जागृतीपेक्षा कराराची कहाणी आहे. रहिवाशांनी कचरा वेगळा करावा आणि त्याच्या मोबदल्यात पालिकेने त्या गल्लीच्या रस्त्याकडे, गटाराकडे, दिव्यांकडे अग्रक्रमाने लक्ष द्यावे, मंडळाशी बोलण्यासाठी एक ठरावीक अधिकारी नेमावा, अशी देवघेव त्या योजनेच्या मुळाशी होती. सुमारे एक हजार वस्तीचा अथवा सुमारे एक किलोमीटर रस्त्याचा टापू हे तिचे प्रमाण होते. घरची गृहिणी दोन डबे ठेवण्याचा त्रास घेते तो केवळ सात्त्विक वृत्तीने नव्हे. समोरचा खड्डा बुजेल, पावसाळ्यात गटार तुंबणार नाही, ही अपेक्षा त्यामागे असते, आणि ती अपेक्षा बाळगण्यात काहीही गैर नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये. सर्वांच्या मालकीची वस्तू कोणाच्याच मालकीची नसते आणि म्हणून ती उजाड होते, हा गॅरेट हार्डिन यांचा सिद्धान्त १९६८ चा. त्याच्याही आधी, १९६५ साली, मॅन्कर ऑल्सन यांनी दाखवून दिले होते की समूह मोठा झाला की प्रत्येकास दुसऱ्याच्या श्रमावर फुकट लाभ घेण्याचा मोह होतो. समूह लहान असेल तर शेजाऱ्याची नजर तो मोह आवरते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या निराशेला उत्तर दिले. कुरणे, पाणी, मासेमारी अशा सामायिक गोष्टी लोक शतकानुशतके नीट सांभाळत आले आहेत; मात्र त्यासाठी नियम त्यांचे त्यांनी केलेले असावेत, देखरेख त्यांचीच असावी आणि सरकारने त्यांच्या या अधिकारास मान्यता द्यावी, असे त्यांचे म्हणणे. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या या अटी जोशी लेनमध्ये, कोणी ग्रंथ न वाचताही, पुऱ्या झालेल्या होत्या.

मग पुढे काय झाले? मंडळे कागदावर राहिली, बैठका विरळ झाल्या, खताचे खड्डे बुजले. याचे खापर सामान्यतः नागरिकांच्या आळसावर फोडले जाते. ते पूर्णतः खोटे नाही. पण उपनगरांतील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सचिवास विचारले तर तो एक वेगळीच हकीकत सांगेल. इमारतीने वर्षभर कटकट करून, भांडून, सूचनाफलकावर नोटिसा लावून कचरा वेगळा करण्याची सवय लावावी, आणि एके सकाळी गच्चीतून पाहावे तो ओला आणि सुका असे दोन्ही डबे एकाच गाडीत उपडे होत आहेत! हे दृश्य एकदा दिसले की शंभर व्याख्यानांनी मिळविलेले सारे एका क्षणात जाते. कराराचा एक पक्ष आपला शब्द पाळीत नाही असे दिसल्यावर दुसऱ्याने तो पाळीत राहावे, ही अपेक्षा संतांकडून करावी. भाडेकरू आणि सदनिकाधारकांकडून नव्हे. त्यातच विभाग कार्यालयातील अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात. एकाने दिलेले वचन दुसऱ्यास ठाऊक नसते, कारण ते वचन कोणत्याही कायद्यात नव्हते. अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर ते उभे होते आणि त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर तेही गेले.

लोकप्रतिनिधींचीही या मंडळांकडे पाहण्याची दृष्टी फारशी प्रेमाची नव्हती. नागरिकांनी थेट अधिकाऱ्याशी बोलून गटार दुरुस्त करून घेतले, तर नगरसेवकाच्या नावाचा फलक कोठे लागणार? २००७ च्या निवडणुकीत जुहू भागातून नागरिकांच्या मंडळांनी आपला स्वतंत्र उमेदवार उभा करून निवडून आणला, तेव्हा ही स्पर्धा उघड झाली. वस्तुतः ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद १९९३ पासून करून ठेवली आहे. गल्लीतील मंडळ आणि प्रभाग समिती यांची सांगड घालणे अवघड नव्हते. ते झाले नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला; त्या काळात तर नागरिकाला दाद मागण्यास निवडून आलेला माणूसच उरला नव्हता.

हाच अनुभव अंधेरीच्या पश्चिमेस, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने तेथे साफसफाईस आरंभ केला. आठवड्यामागून आठवडे माणसे जमत गेली, वाळूत रुतलेले प्लॅस्टिक हातांनी उपसून काढण्यात आले, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना आपला मोठा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले त्या किनाऱ्यावरून समुद्राकडे जाताना दिसली, तेव्हा कित्येकांना ते पुराणातल्या चमत्काराप्रमाणे भासले. या कथेचा हा भाग सर्वांस ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मोहीम थांबविण्याची वेळ आली होती, हे मात्र फारसे आठवले जात नाही. स्वयंसेवकांना गुंडांकडून त्रास होत होता आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. नंतर शासनाच्या आश्वासनावर काम पुन्हा सुरू झाले. कचरा जमा करणे माणसांच्या हातांनी होते, तो वाहून नेण्यास गाड्या लागतात. आणि गाड्या पालिकेच्या असतात. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचे ६१ वे कलम रस्ते झाडणे व केरकचरा हलविणे यांस पालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानते. नागरिकांच्या श्रमदानाने ते कर्तव्य कमी होत नाही. श्रमदानाची छायाचित्रे जितकी अधिक छापली जातात तितका या कलमाचा विसर पडत जातो, हा या सोहळ्यांचा एक तोटाच म्हटला पाहिजे.

येथवर जो विचार झाला तो घरगुती कचऱ्याचा. पण उपनगरांचा खरा शत्रू घरातल्या डब्यात नाही. पुनर्विकासाच्या लाटेने बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडल्या जात आहेत, घरोघरी फरशा आणि न्हाणीघरे बदलली जात आहेत, आणि त्यातून निघणारा राडारोडा रात्रीच्या अंधारात डंपरमधून कोठे तरी ओतला जातो. हे 'कोठे तरी' सर्वांच्या परिचयाचे आहे: गोराई आणि चारकोपची तिवरे, लोखंडवाल्याच्या मागची खाडी, पूर्व द्रुतगती महामार्गालगतची मिठागरे, नदी म्हणविणाऱ्या परंतु नाल्याच्या पदवीस पोहोचलेल्या ओशिवरा, पोयसर आणि दहिसर यांचे काठ. रस्त्यावर केळीची साल टाकणारा माणूस बेफिकीर असतो, डंपरवाला तसा नसतो. तो हिशेबी असतो. अधिकृत केंद्रापर्यंत जाण्याचे डिझेल, वाटेत मोडणारा वेळ आणि तेथील शुल्क एका बाजूस; खाडीच्या कडेला पाच मिनिटांत रिकामी होणारी गाडी दुसऱ्या बाजूस. पकडले जाण्याची शक्यता अल्प, दंड किरकोळ. त्याने कोणता मार्ग पत्करावा हे सांगण्यास पदवीची गरज नाही.

आणि हिशेब एवढ्यावर थांबत नाही. तिवरांवर पडलेला राडारोडा पाहता पाहता भराव होतो, भरावावर पत्रे उभे राहतात, पत्र्यांच्या जागी भिंती येतात आणि जेथे पाणी होते तेथे विकाऊ जमीन तयार होते. ज्याला आपण कचरा म्हणतो तो कोणाच्या तरी लेखी कच्चा माल आहे. अशा ठिकाणी 'येथे कचरा टाकू नये' हा फलक लावणाऱ्या भाबडेपणाला काय म्हणावे? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयात ती कायम केली. पहिला आदेश आला तो २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तीन महिन्यांच्या आत. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. असा पाऊस कोणत्याही शहरास बुडवील हे खरे. पण पाणी सामावून घेणारी खाडी आणि दलदल आपण आधीच दगड-विटांनी भरून ठेवली होती, हेही तितकेच खरे. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. पालिकेने फोन करताच राडारोडा उचलून नेण्याची योजना आखली, आणि अलीकडे दहिसर व शिळफाटा येथे त्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही उभे केले. साधने आली ही चांगलीच गोष्ट आहे. ती वापरणे हे न वापरण्यापेक्षा स्वस्त कसे होईल, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.

प्रोत्साहनाची दिशा चुकली की चांगली योजना कशी उलट फळते, याचे दाखले पालिकेच्या दप्तरातच आहेत. कचरा वाहून नेणाऱ्या कंत्राटदारास वजनावर पैसे मिळतात. वजन वाढले तर बिल वाढते. आणि वजन वाढविण्यास मातीविटांसारखे दुसरे सोयीचे द्रव्य नाही. कचऱ्यात राडारोडा मिसळला जात असल्याचे आरोप २०१७ च्या सुमारास झाले, चौकश्याही झाल्या. व्यक्तींची नावे बाजूस ठेवली तरी पद्धत जोपर्यंत तीच आहे, तोपर्यंत मोह तोच राहणार. जोशी लेनने आपला कचरा निम्म्यावर आणला तर कंत्राटदाराचे उत्पन्न घटते. मग दोन डबे एकाच गाडीत उपडे का होतात, याचा उलगडा होण्यास फार दूर जावे लागत नाही.

दुसरा दाखला 'क्लीन-अप मार्शल' यांचा. घाण करणाऱ्यास दंड करण्यासाठी हे गणवेशधारी लोक प्रथम २००७ च्या सुमारास नेमले गेले. तक्रारी वाढल्या म्हणून ते बंद झाले. २०१६ मध्ये पुन्हा आले, करोनाच्या काळात मुखपट्टी तपासू लागले, २०२४ मध्ये नव्याने अवतरले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बंद झाले. वसूल होणाऱ्या दंडात निम्मा वाटा खासगी संस्थेचा, अशी त्यांची रचना होती. याचा अर्थ असा की, शहर स्वच्छ झाले तर संस्थेचे दिवाळे निघणार. त्यांनी रेल्वे स्थानकाबाहेर, जेथे घाईत असलेला कारकून सहज सापडतो तेथे उभे राहावे आणि रात्री दोन वाजता खाडीच्या कडेला कोणीच नसावे, हे त्या रचनेतच लिहिलेले होते.

या साऱ्या व्यवहारात ज्यांचा उल्लेख शेवटी, अनेकदा केवळ उपचार म्हणून होतो, त्या कचरावेचक स्त्रियांचा विचार खरे तर आधी व्हावयास हवा होता. सुक्या कचऱ्याची जी काही विल्हेवाट मुंबईत लागते तिचा मोठा भार त्यांच्या पाठीवरील गोणीतून जातो. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' या उपक्रमाद्वारे या स्त्रियांना संघटित केले, खतनिर्मितीचे आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' या बायोगॅस तंत्राचे शिक्षण दिले, आणि इमारतींच्या कामावर त्यांना मानाने उभे केले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या चळवळीतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि तिने २००८ मध्ये महापालिकेशी रीतसर करार करून घरोघरचा कचरा गोळा करावयास आरंभ केला. मुंबईने इतका स्पष्ट करार कधी केला नाही. झोपडपट्ट्यांसाठी येथे 'दत्तक वस्ती' योजना आली, नंतर तिच्या जागी 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान' आले. दोन्हींत वस्तीतील तरुणांना तुटपुंज्या मानधनावर राबविण्यात आले आणि त्यास 'स्वयंसेवक' असे गोंडस नाव देण्यात आले. गल्लीतील सदनिकाधारकांना कचरा वेगळा केल्याबद्दल रस्ता मिळतो, आणि वस्तीतल्या पोराला नाला उपसल्याबद्दल मानधनाची तारीखही मिळत नाही. या दोन करारांतील अंतर लोकसहभागाच्या अहवालांत दिसत नाही.

अंतर आणखी एका ठिकाणी आहे. मुलुंडकरांनी वर्षानुवर्षे आवाज उठविल्यावर तेथील कचराभूमी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली. १९६७ पासून तेथे साठलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसून जागा मोकळी करण्याचे काम हाती घेण्यात आले. मुलुंडचा श्वास मोकळा झाला, याचा आनंद कोणास होणार नाही? पण त्या गाड्या नाहीशा झाल्या नाहीत. त्यांनी वळण बदलले. मुंबईचा बहुतांश कचरा आता कांजूरमार्गला जातो आणि विक्रोळी-भांडुपचे रहिवासी खिडक्या लावून झोपतात. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कांजूरची ती जागा संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. देवनारला तर १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या आरंभी तेथे लागलेल्या आगींचा धूर दक्षिण मुंबईपर्यंत पोहोचला तेव्हाच तो 'मुंबईचा प्रश्न' ठरला. गोवंडीच्या शिवाजीनगरात तो त्यापूर्वीही प्रश्नच होता.

२०२५ मध्ये पालिका कचऱ्यासाठी घरोघर शुल्क आकारू पाहत होती. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपविधींच्या मसुद्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घरास महिन्याला १०० रुपये आणि ३०० चौरस मीटरपर्यंत ५०० रुपये असे दर सुचविले गेले. शुल्क हे तत्त्वतः त्याज्य नाही. जो घाण करतो त्याने तिचा खर्च सोसावा, हे पिगू यांनी १९२० मध्येच मांडले. पण घराच्या क्षेत्रफळावर बांधलेले शुल्क घाणीचा खर्च वसूल करीत नाही, ते घराचा आणखी एक कर होऊन बसते. दोन डबे ठेवणारा आणि सारे एका पिशवीत कोंबणारा, दोघेही शंभर रुपयेच देणार. दक्षिण कोरियाने १९९५ पासून पिशवीमागे पैसे घेण्याची पद्धत देशभर लागू केली. जितका मिश्र कचरा तितका खर्च. मुंबईत ती जशीच्या तशी चालणार नाही, कारण येथे पिशवीचे पैसे वाचविण्यासाठी नाला नेहमीच हाताशी आहे. परंतु कचरा वेगळा करणाऱ्या इमारतीस शुल्कात ठळक सूट, आणि ती सूट पालिकेच्या मर्जीवर नव्हे तर उपविधीत लिहिलेली, एवढे करता येईल. त्याचबरोबर, इमारतीने वेगळा केलेला कचरा पालिकेने एकत्र नेला तर त्या महिन्याचे शुल्क माफ, अशी उलट बाजूची अटही हवी. १९९७ चा तो करार तोंडी होता. त्याचे हेच लेखी रूप होईल.

राडाराड्याच्या बाबतीत याहूनही कठोर व्हावे लागेल. पाडकामाची परवानगी देतानाच विकासकाकडून भरभक्कम अनामत घ्यावी आणि प्रक्रिया केंद्राने दिलेल्या वजनाच्या पावत्या दाखविल्यावरच ती परत करावी. म्हणजे पावती ही राडारोड्यापेक्षा मोलाची होईल आणि डंपर आपोआप दहिसरची वाट धरील. मोठ्यांचा बंदोबस्त असा होऊ शकतो. राहता राहिला तो मुलुंडच्या दोन खोल्यांत न्हाणीघर नवे करणारा शिक्षक. त्याच्या वीस गोण्या गवंडी 'मी बघतो साहेब' म्हणून हातगाडीवर घालतो, आणि त्या कोठे गेल्या हे साहेब विचारीत नाहीत. त्या वीस गोण्यांसाठी विभाग कार्यालयातून ठरल्या दिवशी गाडी यावी, पैसे किती ते आधी कळावे आणि ते गवंड्याच्या हातगाडीपेक्षा कमी असावेत.